सिनेमातला ताण: आवाज आणि कॅमेऱ्याबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जळगाव, अमळनेर, शिरपूर, नंदुरबार इकडे शॉर्टफिल्म करणारी मुलं-मुली कार्यशाळा संपल्यावर, आणि त्याहून जास्त वेळा रात्री अकरानंतर एडिटिंगला बसल्यावर, मला जे विचारतात ते इथे एकत्र केलं आहे. बऱ्याच उत्तरांत एकच दृश्य परत परत येईल, म्हणून ते आधी सांगतो. रात्रीचे दोन वाजलेत. शेतीची लाइट या आठवड्यात रात्रीची आहे. एक शेतकरी हातात बॅटरी घेऊन केळीच्या बागेतून विहिरीकडे मोटर चालू करायला निघालाय. विहिरीजवळच्या स्टार्टरच्या पेटीत साप शिरलेला आहे. हे दृश्य आम्ही चोपडा तालुक्यात खरोखर शूट केलं आणि त्यातल्या बहुतेक चुका करून झाल्या आहेत.

१. ताण, भीती, धक्का हे सगळं एकच ना?

नाही. शेतकऱ्याने पेटी उघडली आणि साप एकदम समोर आला, तर प्रेक्षक दचकतो. दोन सेकंदांत ते दचकणं संपतं. पण शेतकरी घरातून निघायच्या आधीच पेटीत सरकणारी शेपटी आपण प्रेक्षकाला दाखवली, तर पुढची पाच मिनिटं तो मनातल्या मनात ओरडत राहतो, 'अरे, पेटी उघडू नको.' शेतकरी बांधावर थांबून तंबाखू मळायला लागला, तर तेवढंही सहन होत नाही. दिग्दर्शक हिचकॉकने फ्रेंच दिग्दर्शक त्रुफोला दिलेल्या मुलाखतीत टेबलाखालच्या बॉम्बचं उदाहरण देऊन हाच फरक सांगितला होता.

ताण म्हणजे वाट बघणं. काय घडणार आहे याची कल्पना प्रेक्षकाला हवी, कधी घडणार हे त्याला कळता कामा नये. खाली माइक, लेन्स, कट याबद्दल जे जे लिहिलंय ते ही वाट लांबवण्याचे उपाय आहेत.

२. पैसे एकाच गोष्टीपुरते आहेत. चांगला कॅमेरा भाड्याने आणू की चांगला माइक?

माइक. आजच्या साध्या मोबाइलचं चित्र शॉर्टफिल्मला पुरतं, त्याच मोबाइलचा माइक मात्र तीन फुटांच्या पुढे सगळं पातळ करून टाकतो.

दुसरं कारण जास्त महत्त्वाचं आहे. चित्राला चौकट असते, आवाजाला नसते. शेतकऱ्याच्या चेहऱ्याचा क्लोजअप चालू असताना त्याच्या पाठीमागे काय आहे हे कॅमेरा दाखवू शकत नाही, पण आवाज ते सांगू शकतो. यात्रेतल्या तंबूच्या टॉकीजमध्ये लहान मुलांकडे बघा. पोर थोडं घाबरलं की डोळ्यांवर हात ठेवतं. फार घाबरलं की हात कानांवर जातात.

३. रात्रीचं दृश्य आहे. लोकेशनवर कोणते आवाज रेकॉर्ड करून ठेवू?

कोणीही न बोलता, न हलता, निदान एक मिनिट नुसती ती जागा रेकॉर्ड करा. याला रूम टोन म्हणतात, शेतात केला तरी नाव तेच. ४८ किलोहर्ट्झवर, वेव्ह फाइलमध्ये, आणि बोलण्याची पातळी उणे १२ डेसिबलच्या आसपास राहील असं ठेवा. माइकवर केसाळ कव्हर हवंच, नाहीतर वारा सगळं खाऊन टाकतो.

मग एकेक आवाज वेगळा घ्या. केळीची वाळलेली पानं खोडाला लटकलेली असतात आणि जराशा झुळकीनेही कागदासारखी खरखरतात. बागेत माणूस चालत असला की तोच आवाज त्याच्या खांद्याच्या उंचीवरून येतो. ठिबकच्या नळीतून हवा सुटते, त्याची बारीक शिट्टी असते. रातकिडे, लांबचं कुत्रं, शेजारच्या शेतातली मोटर, हे सगळं वेगवेगळं हवं.

आम्हाला त्या रात्री तापीपलीकडच्या सुरत-भुसावळ लाइनवरच्या मालगाडीचा हॉर्न मिळाला. दिवसा त्या शेतात तो कधीच ऐकू येत नाही. उन्हात तापलेल्या जमिनीलगतची हवा आवाजाला वर वळवते, आणि रात्री जमीन गार झाली की वरची उबदार हवा त्याला परत खाली वळवते. म्हणून रात्रीचे लांबचे आवाज रात्रीच जाऊन घ्यावे लागतात. दिवसा घेऊन ते बारीक केले तर खोटे वाटतात, कारण लांबून येणाऱ्या आवाजातला तीक्ष्ण भाग वाटेतच गळून गेलेला असतो. हेच उलटं वापरता येतं. एखादी गोष्ट जवळ येतेय असं भासवायचं असेल तर नुसता आवाज वाढवू नका, त्यातली तीक्ष्णता हळूहळू परत आणा.

४. कॅमेरा कुठे ठेवला की ताण येतो?

एकच एक जागा नाही, पण मला सगळ्यात उपयोगी पडलेली गोष्ट सांगतो. माणूस उजवीकडे बघत असला की आपण फ्रेममध्ये त्याच्या उजवीकडे जागा सोडतो. ही सवय मोडा. जागा त्याच्या पाठीमागे सोडा. चेहरा फ्रेमच्या कडेला टेकलेला आणि मागे केळीच्या ओळींचा काळा पट्टा. प्रेक्षकाची नजर त्या रिकाम्या भागात जाऊन बसते, तिथे काहीही नसलं तरी.

लेन्सही बघा. लांबून, ८५ मिलिमीटरच्या आसपासच्या लेन्सने केळीची बाग घेतली तर ओळी एकमेकींवर चढतात आणि भिंत उभी राहते. माणूस चालतोय पण पुढे सरकत नाही असं वाटतं. जवळून २४ मिलिमीटरने घेतली तर तोच माणूस पटकन पुढे येतो आणि बाग मोकळी दिसते. आम्ही पहिल्या दिवशी सगळं रुंद लेन्सने घेतलं होतं. चित्र सुंदर दिसलं आणि भीती पार निघून गेली.

आणि थोडं झाका. १९७५ च्या 'शोले'मध्ये गब्बरचा चेहरा दिसण्याआधी आपल्याला खडकावर फिरणारे त्याचे बूट दिसतात आणि ऐकू येतात, हातातला पट्टा दिसतो. चेहरा येईपर्यंत आपण त्याला घाबरून चुकलेलो असतो.

५. ताणाचं दृश्य म्हणजे हँडहेल्ड, कॅमेरा हातात धरूनच, बरोबर?

हललेला कॅमेरा गोंधळ दाखवतो. मारामारी, पळापळ, गर्दी यात तो शोभतो. वाट बघण्याच्या दृश्यात ट्रायपॉडवरचा स्थिर कॅमेरा जास्त छळतो, कारण तो मदतीला येणार नाही असं वाटतं. शेतकरी लांबवर पेटीपाशी वाकलाय आणि कॅमेरा बांधावर तसाच उभा आहे, हे बघून पाहा.

६. आणि गिंबल?

गिंबल म्हणजे चालतानाही कॅमेरा स्थिर ठेवणारा हातातला दांडा. त्यावरचा कॅमेरा तरंगतो, त्यामुळे कोणीतरी मागे मागे येतंय असं वाटतं. लग्नाच्या व्हिडिओमुळे आपल्याकडे गिंबल घरोघरी पोहोचला आहे, पण तो या कामासाठी फार कमी लोक वापरतात.

गॅरेट ब्राउनच्या स्टेडीकॅमने (अंगाला बांधून कॅमेरा स्थिर ठेवणारं उपकरण) १९८० च्या 'द शायनिंग'मध्ये हे फार नेमकं केलं आहे. हॉटेलच्या रिकाम्या व्हरांड्यांतून एक मुलगा तीनचाकी सायकल चालवत जातो. कॅमेरा जमिनीलगत त्याच्या मागे. चाकं लाकडी फरशीवर आली की जोरात खडखडाट, गालिच्यावर गेली की एकदम गप्प, पुन्हा खडखडाट. संगीताने जे झालं नसतं ते त्या खडखडाट-गप्पच्या तालाने होतं. पुढचं वळण येईपर्यंत आपण श्वास मोजायला लागतो. मी नव्या मुलांना हे दृश्य आधी डोळे मिटून ऐकायला लावतो आणि मगच दाखवतो.

७. लांबलचक शॉट चांगला की पटापट कट?

घटना घडेपर्यंत लांब, घडताना तुकडे. १९६० च्या 'सायको'मधल्या न्हाणीघराच्या दृश्याला सत्तरहून जास्त कॅमेरा सेटअप लागले हे सगळे सांगतात, पण त्याआधीचा निवांत भाग किती लांब आहे याकडे कोणी लक्ष देत नाही. आधी पाणी नुसतं पडत राहतं, म्हणून नंतरचे तुकडे बोचतात.

सुरुवातीपासून दोन-दोन सेकंदांचे कट लावले तर प्रेक्षकाला वाट बघायला जागाच राहत नाही. तुमच्या टाइमलाइनवर तणावाच्या भागातला प्रत्येक शॉट दीडपट लांब करून एकदा बघा. कंटाळा आला तर कापा. बहुतेक वेळा येत नाही.

८. जे-कट, एल-कट म्हणजे काय?

पुढच्या शॉटचा आवाज चित्राआधी सुरू झाला तर जे-कट, आधीच्या शॉटचा आवाज पुढच्या चित्रावर रेंगाळला तर एल-कट. घरात झोपलेल्या बायकोच्या चेहऱ्यावर पेटीच्या पत्र्याचा 'कर्र' आवाज आधी येऊ द्या, मग पेटी दाखवा. तिला काही ऐकू आलेलं नाही हे आपल्याला माहीत असतं, आणि म्हणूनच ते टोचतं.

९. इंटरनेटवरून 'सस्पेन्स म्युझिक' घेतलं तर चालेल का?

परवानगी असलेलं असेल तर कायद्याने चालेल. सिनेमासाठी सहसा चालत नाही. तेच चार-पाच ट्रॅक इतक्या व्हिडिओंमध्ये वाजलेत की ते लागताच प्रेक्षक सैल होतो, त्याला पुढचं ठाऊक असतं.

संगीत वापरायचं तर त्याचा शब्द पाळा. १९७५ च्याच 'जॉज'मधले जॉन विल्यम्सचे ते दोन सूर प्रसिद्ध आहेत. पण त्यातली शिस्त बघा. दोन पोरं शार्क माशाचा खोटा पर लावून लोकांना घाबरवतात, तेव्हा संगीत वाजत नाही. खरा मासा असला तरच वाजतं. प्रेक्षकाला हा नियम न सांगता कळतो आणि सूर नसले की तो निर्धास्त होतो. मग पुढे एका दृश्यात मासा काहीही न वाजता पाण्याबाहेर तोंड काढतो. इतका वेळ पाळलेला नियम त्या एका क्षणासाठी मोडलेला असतो.

आमच्या दृश्यात आम्ही शेवटी संगीत ठेवलंच नाही. मोटरची घरघर हाच एक खालचा सूर होता.

१०. शांतता हवी असेल तर आवाजाचा ट्रॅक म्यूट करायचा ना?

तसं केलं आणि पस्तावलो. एका गावात शाळेच्या मैदानावर पडदा बांधून आम्ही पहिली फिल्म दाखवली. सगळ्यात महत्त्वाच्या क्षणी मी आवाज शून्यावर नेला होता. पहिल्या तीन सेकंदांत स्पीकरवाला उठून वायर हलवायला गेला, लोक मागे वळून त्याच्याकडे बघायला लागले, आणि तो क्षण गेला.

खऱ्या जगात शून्य आवाज कधीच नसतो, म्हणून शून्य ऐकलं की माणसाला यंत्र बिघडल्यासारखं वाटतं. शांतता करायची तर आवाज एकेक करून काढा. आधी लांबचं कुत्रं थांबतं. मग शेजारची मोटर बंद पडते. शेवटी रातकिडे थांबतात, आणि खाली फक्त प्रश्न ३ मधला रूम टोन उरतो. कोणी जवळ आलं की रातकिडे खरोखर गप्प होतात. शेतात राहिलेल्या प्रत्येकाला हे अंगात माहीत आहे, म्हणून आपल्याकडच्या प्रेक्षकावर ते ताबडतोब लागू पडतं.

पूर्ण शून्याला अपवाद आहे. २०१६ च्या 'सैराट'चा शेवट आठवा. लहान मूल चालत येतं, रडतं, आणि आपल्याला काहीच ऐकू येत नाही. तिथे वायर हलवायला कोणी उठत नाही, कारण त्याआधीचे दोन-अडीच तास गाण्यांनी, बोलण्याने, माणसांनी भरलेले असतात आणि ते सगळं हिरावून घेतल्यासारखं वाटतं. चार मिनिटांच्या फिल्ममध्ये हिरावून घेण्याइतकं काही जमवलेलं नसतं.

११. लोकेशनवर नीट न मिळालेले आवाज घरी कसे करू?

याला फॉली म्हणतात. चित्र बघत बघत हाताने आवाज करायचे. 'सायको'तल्या सुरीच्या आवाजासाठी खरबुजाच्या जातीची फळं भोसकून पाहिली होती. आपल्याकडे तापीच्या वाळूत काय कमी खरबुजं पिकतात!

वाळक्या पानांसाठी मक्याची सालं, चिखलातल्या पावलांसाठी ओलं पोतं. सापाच्या फुत्कारासाठी आम्ही सायकलच्या ट्यूबमधली हवा बोटाने दाबून सोडली. पण आधी कोणता साप ते ठरवा. घोणस कुकरसारखी जोरात फुसफुसते. मण्यार रात्रीच फिरते आणि बहुधा गपचूप असते. शेतकऱ्याच्या मुलाला हा फरक कळतो, आणि चुकीचा आवाज ऐकला की तो तिथेच तुमच्या फिल्ममधून बाहेर पडतो.

१२. रात्री शूट केलं की व्हिडिओत लाइट लुकलुकते. का?

आपली वीज ५० हर्ट्झची आहे, त्यामुळे ट्यूब आणि स्वस्त एलईडी सेकंदाला १०० वेळा कमीजास्त होतात. २५ फ्रेम आणि शटर १/५० किंवा १/१०० ठेवा, बहुतेक वेळा थांबते. नाही थांबली तर दिवा बदला. बॅटरीच्या झोतावरच दृश्य घेतलंत तर आणखी बरं, झोताबाहेरचं सगळं प्रेक्षक स्वतःच भरून काढतो. त्या बॅटरीचा प्रकाशही लुकलुकत नाही ना, हे मात्र आधी बघून घ्या.

१३. फार खालचा, ऐकू न येणारा आवाज घातला की लोक आपोआप घाबरतात म्हणे. खरं का?

तुमची फिल्म मोबाइलवर बघितली जाणार असेल तर हा विषय सोडून द्या. मोबाइलच्या छोट्या स्पीकरमधून २०० हर्ट्झच्या खालचं फारसं काही बाहेर येतच नाही. मोठ्या थिएटरमध्ये खालचा आवाज छातीत जाणवतो, अस्वस्थही करतो, पण दृश्यात ताण नसेल तर तो नुसता गुरगुरतो.

माणसाचा कान २००० ते ५००० हर्ट्झच्या पट्ट्यात सगळ्यात तीक्ष्ण असतो. पत्र्याची करकर, वाळकं पान, दाताखाली आलेला खडा हे आवाज त्या पट्ट्यापर्यंत पोहोचतात आणि मोबाइलवरही नीट ऐकू येतात. तुमचा ताण तिथे बांधा. मिक्सिंग झालं की मोबाइलच्या स्पीकरवर एकदा, हेडफोनवर एकदा, असं दोन्हीकडे ऐका.

सतत चढत जाणारा पण कधीच वर न पोहोचणारा आवाजही लोक विचारतात. तो शेपर्ड टोन. रॉजर शेपर्डने १९६४ मध्ये मांडलेला हा कानाचा भ्रम २०१७ च्या 'डंकर्क'मध्ये वापरला आहे. शॉर्टफिल्ममध्ये वीस-तीस सेकंद पुरे.

१४. एकदम मोठा आवाज करून दचकवणं चुकीचं आहे का?

चुकीचं नाही, पण त्याने साठवलेला ताण खर्च होतो. १९४२ च्या 'कॅट पीपल'मध्ये रस्त्यावरून घाबरत चाललेल्या बाईजवळ बस अचानक ब्रेक मारते आणि तो आवाज श्वापदासारखा वाटतो. त्याआधी बराच वेळ फक्त पावलं ऐकू येत असतात, म्हणून तो लागतो. एका फिल्ममध्ये एकदा. फरक कळला नसेल तर प्रश्न १ बघा.

१५. पात्रं अहिराणी बोलली की लोक हसतात. ताणाच्या दृश्यात प्रमाण मराठी वापरू का?

नका वापरू. हा प्रश्न मला सगळ्यात जास्त येतो आणि दर वेळी वाईट वाटतं.

गेली कित्येक वर्षं मोबाइलवर खान्देशी म्हणजे विनोदी, असंच समीकरण झालंय. त्या व्हिडिओंनी आपली बोली घराघरात नेली, त्याबद्दल कृतज्ञता आहे. पण त्यात प्रत्येक वाक्य वरच्या पट्टीत, ओढून, हशा येईल अशा बेताने म्हटलं जातं. लोक त्या पट्टीला हसतात. तुमच्या घरात रात्री कोणाला ताप चढला तेव्हा आई कशी बोलली होती ते आठवा. तीच बोली होती, आणि कोणी हसलं नव्हतं.

आमच्या शेतकऱ्याला एकच वाक्य होतं. वाळकं पान खरखरतं, तो थांबतो, बॅटरी फिरवतो आणि विचारतो, "कोन शे रे तठे?" पहिल्यांदा नटाने ते मोठ्याने, दम दिल्यासारखं म्हटलं आणि युनिटमधलीच मुलं हसली. मग त्याला सांगितलं, घरात बाळ झोपलंय असं समजून म्हण. तो जवळजवळ कुजबुजला. माइक त्याच्या कॉलरला होता, त्यामुळे शब्दाआधी घशात अडकलेला श्वाससुद्धा आला. उत्तरादाखल आम्ही काहीच ठेवलं नाही, रातकिडेही काढून टाकले (प्रश्न १०). गावात दाखवली तेव्हा मैदानात एकही आवाज नव्हता.

तापीकाठची लेवा बोली असो, सातपुड्यातली पावरी असो, हेच लागू आहे. वाक्य लहान ठेवा, आवाज खाली ठेवा, माइक जवळ ठेवा.

१६. भर दुपारच्या उन्हात ताण निर्माण होतो का? रात्री शूट करायची परवानगी घरून मिळत नाही.

होतो, आणि खान्देशासारखी दुपार कुठे मिळायची! हिचकॉकच्या १९५९ च्या 'नॉर्थ बाय नॉर्थवेस्ट'मध्ये मोकळ्या सपाट रानात, लख्ख उजेडात, औषध फवारणारं विमान माणसाच्या मागे लागतं. विमान आदळेपर्यंत संगीताचा एक सूर नाही. आधी बराच वेळ तर तो माणूस रस्त्याच्या कडेला नुसता उभा असतो. अंधारात लपायला तरी मिळतं, तिथे तेही नाही.

मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास असताना भुसावळच्या एखाद्या गल्लीत दुपारी दोनला उभे राहा. दारं बंद, माणूस नाही. कूलरची घरघर. कुठेतरी होला घुमतोय. तापलेला पत्रा मधूनच 'टक्' वाजतो आणि त्याचं काही वेळापत्रक नसतं. त्या 'टक्'ची वाट बघत बसलेला प्रेक्षक तुमच्या हातात आहे. लांब लेन्सने रस्ता घेतलात तर उन्हाच्या लाटांत येणारा माणूस बराच वेळ ओळखूच येत नाही. मोबाइल मात्र सावलीत ठेवा, तापला की रेकॉर्डिंग मध्येच बंद पडतं.

१७. हल्ली ऑटो बसवलेला असतो, लाइट आली की मोटर आपोआप सुरू होते. मग तुमचा शेतकरी रात्री जातोच कशाला?

पहिल्याच वाचनाला एका मुलाने हे विचारलं आणि तो बरोबर होता. प्रेक्षकाच्या मनात 'जातोच कशाला' आलं की ताण तिथेच सुटतो, मग आवाज आणि लेन्स काहीच करू शकत नाहीत. आम्ही संध्याकाळचा एक शॉट वाढवला. ऑटो जळलेला आहे, त्याचा काळा पडलेला डबा ओट्यावर उघडा पडलाय, आणि शेतकरी बायकोला म्हणतो की उद्या नवीन आणू. अकरा सेकंद लागले.

१८. शेवटी साप दाखवायचा की नाही?

'जॉज'चा यांत्रिक मासा खाऱ्या पाण्यात सारखा बिघडायचा, म्हणून तो तासभर तरी नीट दिसत नाही, आणि त्यामुळेच सिनेमा चांगला झाला असं सगळे मानतात. न दाखवण्याच्या बाजूने याहून मोठा पुरावा नको. पण कधीच काही न देणं हीसुद्धा फसवणूक आहे. इतका वेळ वाट बघायला लावलेल्या माणसाचं काहीतरी देणं लागतं.

आम्ही असं केलं. पेटीचा पत्रा करकरतो. हात आत जातो. कॅमेरा पेटीच्या मागे आहे, आपल्याला फक्त त्याचा चेहरा दिसतो. 'खट्'. मोटर सुरू होते. हात बाहेर येतो, धडधाकट. तो पेटी लावतो, पाटाच्या पाण्यात पाय धुतो, परत निघतो. प्रेक्षक सुटकेचा श्वास टाकतो. मग मोटर मध्येच बंद पडते, रातकिडे गप्प होतात, आणि तो थांबून मागे वळतो.